ली तिम-ओय, अँग्लिकन चर्चची पहिली स्त्री याजक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ली तिम-ओय कोण होत्या?

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या मंडळीत याजकपदाची दीक्षा मिळालेली जगातली पहिली स्त्री. जन्म ५ मे १९०७, हाँगकाँग. दीक्षा २५ जानेवारी १९४४, दक्षिण चीनमधल्या चाओचिंग गावी, हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांच्या हातून. मृत्यू २६ फेब्रुवारी १९९२, टोरोंटो, कॅनडा.

या तीन तारखा बहुतेक ठिकाणी सापडतात. पण १९४४ आणि १९९२ यांच्यामध्ये जे घडलं, त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे त्यांनी १९४६ साली याजकपद सोडलं. त्यांनी ते सोडलं नव्हतं. खालची बरीच उत्तरं या एका मुद्द्याशी येऊन पोचतात, कारण तो नीट कळला नाही तर त्यांचं पुढचं आयुष्यही कळत नाही.

नाव कसं लिहायचं आणि म्हणायचं?

चिनी पद्धतीप्रमाणे आडनाव आधी येतं. ‘ली’ आडनाव, ‘तिम-ओय’ पाळण्यातलं नाव. उच्चार कँटोनीज आहे, त्यामुळे मँडरिन वळणाची रूपं शोधत बसू नये. नावाचा अर्थ ‘अतिप्रिय’ असा होतो. मुलगी झाली म्हणून हळहळणाऱ्या त्या समाजात वडिलांनी मुद्दाम हे नाव ठेवलं. ‘फ्लॉरेन्स’ हे नाव त्यांनी स्वतः शाळेच्या वयात बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलवरून. म्हणून काही ठिकाणी ‘फ्लॉरेन्स ली’ एवढंच आढळतं. व्यक्ती एकच.

डीकन, याजक, बिशप यांत फरक काय? आमच्याकडे तर सगळ्यांना ‘पाळकसाहेब’ म्हणतात.

पाळक हे कामाचं नाव आहे: मंडळीची काळजी वाहणारा. डीकन, याजक आणि बिशप या दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत, आणि अँग्लिकन परंपरेत त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत.

डीकन शुभवर्तमान वाचतो, उपदेश करतो, आजाऱ्यांना भेटतो, गरज पडल्यास बाप्तिस्मा देतो, प्रभुभोजनात भाकर आणि प्याला वाटायला मदत करतो. तीन गोष्टी मात्र डीकन करू शकत नाही. प्रभुभोजनाच्या मेजावर उभं राहून भाकर आणि द्राक्षारसावरची मुख्य प्रार्थना म्हणणं, पापक्षमेची घोषणा करणं आणि मंडळीला याजक या नात्याने आशीर्वाद देणं. ही तीन कामं याजकाची. नवे डीकन आणि याजक यांना दीक्षा देण्याचा अधिकार फक्त बिशपला असतो. याजकाच्या दीक्षेला एक बिशप पुरतो. तो उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवतो आणि हजर असलेले याजकही त्याच्यासोबत हात ठेवतात. बिशपच्या अभिषेकाला मात्र रीतीने किमान तीन बिशप लागतात.

तिम-ओय पुढे जिथे काम करत होत्या, त्या मकावमध्ये नेमकी अडचण उभी राहिली ती मेजावरच्या त्या पहिल्या कामापाशी.

त्या या कामाकडे कशा वळल्या?

१९३१ साली हाँगकाँगच्या सेंट जॉन्स कथीड्रलमध्ये एका इंग्रज बाईंचा डीकनेस म्हणून दीक्षाविधी होता. प्रवचनात चिनी याजकांनी विचारलं, चिनी मंडळीच्या सेवेसाठी अशी पुढे येणारी चिनी मुलगी इथे कोणी आहे का? तिम-ओय त्या वेळी बाकावर बसल्या होत्या. पुढे ग्वांगचौ म्हणजे जुन्या कँटनमधल्या युनियन थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. मग कौलूनच्या मंडळीत काम केलं. जपानी आक्रमणामुळे चीनमधून तिथे निर्वासितांचे लोंढे येत होते. १९४० साली त्यांना मकावला पाठवलं. मकाव म्हणजे तेव्हा गोव्यासारखीच पोर्तुगीज वसाहत. पोर्तुगाल युद्धात तटस्थ असल्यामुळे आसरा शोधणाऱ्यांची तिथेही रीघ लागली होती.

२२ मे १९४१ रोजी, स्वर्गारोहणाच्या दिवशी, बिशप हॉल यांनी सेंट जॉन्स कथीड्रलमध्येच त्यांना डीकनपदाची दीक्षा दिली.

डीकन आणि डीकनेस एकच ना?

नाही, आणि इथे भलेभले घसरतात. डीकनेस ही स्त्रियांसाठी वेगळी काढलेली सेवा होती. इंग्लंडच्या चर्चमध्ये एलिझाबेथ फेरार्ड यांच्यापासून ती १८६२ साली सुरू झाली. डीकनेस म्हणजे खऱ्या अर्थाने दीक्षित का, यावर बिशपांमध्येच एकमत नव्हतं. १९२० च्या लॅम्बेथ परिषदेचा (जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेचा) कल एका बाजूला, १९३० च्या परिषदेचा दुसऱ्या. पुरुष डीकनला पुढे याजक होण्याची वाट खुली असे, डीकनेसला ती बंद. त्यामुळे एखाद्या जुन्या कागदावर तिम-ओय यांच्या नावापुढे ‘डीकनेस’ दिसलं तर गोंधळू नये. बिशप हॉल यांच्या लेखी त्या डीकनच होत्या, आणि म्हणूनच तीन वर्षांनी पुढची पायरी शक्य झाली.

१९४४ मध्ये असं काय झालं की बिशपने थेट स्त्रीला याजक केलं?

२५ डिसेंबर १९४१ रोजी हाँगकाँग जपानच्या हाती पडलं. त्याआधी अधूनमधून एखादा याजक बोटीने मकावला यायचा, प्रभुभोजन द्यायचा आणि परत जायचा. आता ते थांबलं. मकावची मंडळी एकट्या तिम-ओय सांभाळत होत्या. धान्याची टंचाई, उपासमार, रोजची मयतं, बाप्तिस्मे आणि लग्नं, सगळं त्यांच्यावर. आणि ही मंडळी महिनोन्‌महिने प्रभुभोजनाशिवाय.

बिशपसमोर तीन वाटा होत्या. पहिली, लोकांना युद्ध संपेपर्यंत थांबायला सांगायचं. युद्ध कधी संपेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसरी, डीकनलाच प्रभुभोजनाच्या मेजावर उभं राहायची परवानगी द्यायची. हॉल यांनी सुरुवातीला हेच केलं. जवळजवळ दोन वर्षं तिम-ओय डीकन असूनच प्रभुभोजन देत होत्या. तिसरी वाट म्हणजे त्यांना याजकपदाची दीक्षा द्यायची.

वाचकांना तिसरी वाट सर्वांत धाडसी वाटते. पण अँग्लिकन शिस्तीच्या चौकटीत पाहिलं तर दुसरी वाट अधिक नियमबाह्य होती. याजक नसलेल्या व्यक्तीने याजकाचं काम करणं म्हणजे दीक्षेलाच अर्थ नाही असं म्हणण्यासारखं. हॉल यांना हे खुपत होतं. जी व्यक्ती याजकाचं काम करते आहे आणि ज्या कामाला फळ येताना दिसतं आहे, तिला त्या कामाची दीक्षा देणं त्यांना जास्त योग्य वाटलं.

त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांतल्या दहाव्या अध्यायाचा आधार घेतला. कर्नेल्याच्या घरी पेत्रासमोर परराष्ट्रीयांवर पवित्र आत्मा उतरला. देवाने आधीच दिलं आहे ते आपण कसं नाकारायचं, असा तिथला प्रश्न आहे. ‘कर्नेल्य’ या नावाशी जुळणारं ‘कॉर्नेलिया’ हे नाव तिम-ओय यांना द्यावं, असंही हॉल यांच्या मनात येऊन गेलं होतं.

म्हणजे बिशप हॉल स्त्रीदीक्षेच्या चळवळीतले होते?

तेव्हा नव्हते. अँग्लिकन परिवारात प्रमुख मानले जाणारे कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्टच कळवलं की आपण स्त्रियांच्या दीक्षेचे पुरस्कर्ते नाही. पण आपल्याकडे सोपवलेल्या मंडळ्या कुणाच्या पूर्वग्रहापायी संस्कारांविना राहणार नाहीत, एवढा निर्धार आहे. आमच्या मते या घटनेचं वजन इथेच आहे. एका उपाशी मंडळीला भाकर कोण मोडून देणार, या साध्या प्रश्नातून ती दीक्षा निघाली.

दीक्षा चाओचिंगलाच का? मकाव किंवा हाँगकाँगला का नाही?

हाँगकाँग पडलं तेव्हा हॉल तिथे नव्हते. त्यानंतर ते ‘मुक्त चीन’मध्ये, म्हणजे जपानी ताब्याबाहेरच्या भागात राहून धर्मप्रांत चालवत होते. हाँगकाँगला परतणं म्हणजे कैद. म्हणून तिम-ओय यांनाच जपानी पहाऱ्यातून वाट काढत ग्वांगडोंग प्रांतात आत यावं लागलं. चाओचिंगला दोघांची गाठ पडली. २५ जानेवारी हा संत पौलाच्या परिवर्तनाचा सण. त्या दिवशी विधी झाला. तिम-ओय तेव्हा ३६ वर्षांच्या होत्या. विधी उरकून त्या मकावला परतल्या आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिल्या. जुन्या लिखाणात हे गाव ‘शिउ हिंग’ असंही आढळतं. ते कँटोनीज रूप आहे.

१९४६ साली त्यांनी राजीनामा दिला, हे खरं की खोटं?

अर्धं खरं, आणि अर्धवट सांगितल्यामुळे खोट्याच्या जवळ जाणारं.

कँटरबरीहून नापसंती आली. टेंपल १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये वारले, त्यांच्या जागी आलेले जेफ्री फिशरही विरोधातच होते. युद्ध संपल्यावर चीनमधल्या अँग्लिकन चर्चच्या बिशपांनी १९४६ साली या दीक्षेबद्दल खेद नोंदवला आणि तिम-ओय यांचा राजीनामा हॉल यांनी घ्यावा असं सुचवलं. तिम-ओय यांच्यापर्यंत निरोप पोचला तो असा, की त्यांनी बाजूला व्हावं, नाहीतर बिशपांच्या पदावर गदा येईल. त्यांनी बिशपांना वाचवायचं ठरवलं.

आता त्यांनी सोडलं काय, ते पाहू. अँग्लिकन चर्चमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक दीक्षा: डोक्यावर हात ठेवून एकदाच दिली जाते, पुन्हा दिली जात नाही आणि पुसताही येत नाही. दुसरी परवाना: अमुक धर्मप्रांतात याजक म्हणून काम करायला बिशपने दिलेली लेखी मुभा. बदली झाली की नवा परवाना लागतो. तो संपतो, काढून घेता येतो, परतही करता येतो. वकिलाची सनद स्थगित झाली तरी त्याची कायद्याची पदवी जात नाही, साधारण तसंच. तिम-ओय यांनी परवाना परत केला. दीक्षा सोडली नाही, आणि आपण याजक आहोत हे कधी नाकारलंही नाही.

यावर मराठीत लिहिताना ‘याजकपदाचा राजीनामा’ असं लिहू नये. ‘याजक म्हणून काम करण्याचा परवाना परत केला’ असं लिहावं. वाक्य लांबतं, पण बरोबर होतं.

त्यानंतर त्यांनी काय केलं?

युद्धानंतर हॉल यांनी त्यांना हेपू इथल्या सेंट बर्नबा मंडळीची जबाबदारी दिली. हेपू व्हिएतनामच्या बाजूला, समुद्राजवळ आहे. तिथे त्यांनी मोठं प्रसूतिगृह उभं केलं. त्यामागचं कारण नकोशा मुली होतं. त्या भागात मुलगी जन्मली की जन्मतःच जीव घेण्याचे प्रकार घडत. बाळंतपण मंडळीच्या छपराखाली झालं तर बाळ वाचे. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचं गांभीर्य वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच सुमारास हॉल यांच्या धर्मप्रांताने वीस वर्षांच्या प्रयोगाचा प्रस्ताव मांडला: ठरावीक अटी पाळून स्त्रियांना याजकपदाची दीक्षा देऊन पाहावी. चिनी चर्चच्या सर्वोच्च सभेने तो १९४८ च्या लॅम्बेथ परिषदेकडे धाडला. परिषदेने असा प्रयोग परंपरेविरुद्ध ठरेल असं उत्तर दिलं. दार बंद झालं.

कम्युनिस्ट राजवटीत त्यांचं काय झालं?

१९४९ नंतर त्या चीनमध्येच राहिल्या. बीजिंगला शिकल्या, ग्वांगचौला ईश्वरविज्ञान शिकवलं. १९५८ पासून चर्च बंद होत गेली. त्यांना शेतावर कोंबड्या पाळायला लावलं, पुढे कारखान्यात कामाला जुंपलं. ‘विचारसुधारणे’च्या बैठका चालतच होत्या. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना स्वतःचे याजकाचे झगे कात्रीने कापावे लागले. जीव द्यावा असंही त्यांच्या मनात आलं होतं. प्रार्थना करायची तर डोंगरावर एकांतात जाऊन. १९७४ साली कारखान्यातून निवृत्ती मिळाली. १९७९ ला चर्च पुन्हा उघडल्यावर ग्वांगचौत त्या सेवेत परतल्या, तेव्हा वय ७२ होतं.

कॅनडात त्यांना पुन्हा दीक्षा द्यावी लागली का?

नाही. वर सांगितलेला दीक्षा आणि परवान्याचा फरक इथे प्रत्यक्ष दिसतो. १९८१ साली त्या नातेवाइकांना भेटायला कॅनडाला गेल्या आणि पुढे टोरोंटोत स्थायिक झाल्या. कॅनडाच्या अँग्लिकन चर्चमध्ये १९७६ पासून स्त्री याजक होत्याच. तिथल्या बिशपने त्यांना परवाना दिला, बस्स. डोक्यावर पुन्हा हात ठेवला नाही. १९४४ ची दीक्षा तशीच उभी होती. त्या टोरोंटोच्या चिनी मंडळीत मानद सहायक याजक म्हणून अखेरपर्यंत काम करत राहिल्या. १९८४ साली त्यांच्या दीक्षेची चाळिशी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये साजरी झाली. त्या वेळी इंग्लंडच्या चर्चमध्ये एकही स्त्री याजक नव्हती.

मग बाकीच्या अँग्लिकन जगात दार कधी उघडलं?

सुरुवात पुन्हा हाँगकाँगनेच केली. १९७१ साली केनियातल्या लिमुरू इथे अँग्लिकन सल्लागार परिषदेची पहिली बैठक झाली. एखाद्या बिशपने आपल्या प्रांताच्या संमतीने स्त्रीला याजक केलं तर चालेल, असा ठराव २४ विरुद्ध २२ मतांनी संमत झाला. दोनच मतांचा फरक. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला बिशप गिल्बर्ट बेकर यांनी जेन ह्वांग आणि जॉइस बेनेट यांना हाँगकाँगमध्ये दीक्षा दिली.

अमेरिकेत २९ जुलै १९७४ ला फिलाडेल्फियात ११ स्त्रियांना परवानगीविना दीक्षा दिली गेली आणि मोठं वादळ उठलं. १९७६ च्या अधिवेशनाने नियम बदलला. न्यूझीलंड १९७७. इंग्लंडमध्ये स्त्रिया १९८७ साली डीकन झाल्या, जनरल सिनॉडने, म्हणजे तिथल्या चर्चच्या सर्वोच्च सभेने, ११ नोव्हेंबर १९९२ ला याजकपदाला मान्यता दिली आणि १२ मार्च १९९४ ला ब्रिस्टल कथीड्रलमध्ये ३२ जणींना दीक्षा मिळाली. तिम-ओय या मतदानाच्या साडेआठ महिने आधी गेल्या होत्या.

पहिल्या स्त्री बिशप बार्बरा हॅरिस यांचा अभिषेक फेब्रुवारी १९८९ मध्ये बॉस्टनला झाला, तेव्हा ८१ वर्षांच्या तिम-ओय मेजापाशी सहयाजक म्हणून उभ्या होत्या. पुढे १९९० साली न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये पेनी जेमिसन, २०१५ साली इंग्लंडच्या पहिल्या स्त्री बिशप लिबी लेन, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्याच कँटरबरीहून १९४४ साली नापसंतीचं पत्र गेलं होतं.

भारतात अँग्लिकन चर्च आहे का? आपल्याकडे स्त्री पाळक आहेत का?

स्वतंत्र अँग्लिकन चर्च म्हणून मुख्य प्रवाहात आता नाही. दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया आणि उत्तरेत २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अशा संयुक्त मंडळ्या झाल्या. उत्तरेकडच्या ऐक्याचा सोहळा आपल्या नागपुरातच झाला. मुंबईचं सेंट थॉमस कथीड्रल किंवा पुण्या-नाशिकची जुनी इंग्रजी वळणाची चर्च आज सीएनआयमध्ये आहेत, आणि सीएनआय अँग्लिकन परिवाराचा घटक आहे. दोन्ही मंडळ्यांत स्त्रियांना दीक्षा मिळते. सीएसआयच्या पहिल्या स्त्री बिशप पुष्पा ललिता २०१३ साली आंध्रातल्या नंद्यालला झाल्या. सीएनआयमध्ये व्हायोलेट नायक २०२२ साली ओडिशातल्या फुलबनीला.

पंडिता रमाबाईंचा याच्याशी संबंध आहे का?

तिम-ओय यांच्याशी थेट नाही, पण त्याच भिंतीशी आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे अँग्लिकन पद्धतीने झाला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुषांसमोर शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या अँग्लिकन बिशपांनी विरोध केला. हिंदुस्थानात याचा बोभाटा होईल, हे त्यांचं कारण. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर शास्त्रार्थ केला, तिला हे ऐकावं लागलं. याजकपद तर फारच दूर. पुरुषांपुढे उभं राहून शिकवायचं की नाही, हाच तिथे वादाचा मुद्दा होता.

कॅथलिक चर्चमध्येही असं झालं आहे का?

वसई आणि गोव्याकडून हा प्रश्न हमखास येतो. नाही. रोमन कॅथलिक चर्च स्त्रियांना याजकपदाची दीक्षा देत नाही आणि १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही भूमिका पुन्हा ठामपणे मांडली. अँग्लिकन परिवारातसुद्धा सगळे प्रांत एकमताचे नाहीत. काही प्रांतांत आजही स्त्री याजक नाहीत.

आमच्या मंडळीत त्यांची आठवण करायची तर कोणता दिवस धरावा?

अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चमध्ये २४ जानेवारी, कॅनडात २६ फेब्रुवारी. दीक्षा २५ जानेवारीची असून दिवस २४ का? कारण २५ तारीख पौलाच्या सणाने आधीच व्यापलेली आहे. त्यामुळे २४ ही दीक्षेची तारीख म्हणून लिहिली जाते. ती चूक टाळावी.

आपल्याकडे १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थनासप्ताह असतो आणि २६ ला सकाळी झेंडावंदन. म्हणून २५ च्या आधीचा रविवार सोयीचा पडतो. वाचनासाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० घ्यावा. निदान ३४ ते ४८ ही वचनं पूर्ण वाचावीत, कारण हॉल यांचा सगळा युक्तिवाद ४७ व्या वचनावर उभा आहे. संडे स्कूलच्या मुलांना सांगायचं असेल तर दीक्षेपासून सुरुवात करू नये, ते त्यांना कळत नाही. नावापासून करावी: मुलगी झाली, आणि वडिलांनी नाव ठेवलं ‘अतिप्रिय’. मग मकावची उपाशी माणसं, मग हेपूची वाचलेली बाळं. कात्री आणि झग्यांचा प्रसंग मोठ्या मुलांसाठी ठेवावा.

वर्गणी काढायची असेल तर त्यांच्या नावाने १९९४ साली, दीक्षेच्या पन्नाशीला, एक प्रतिष्ठान सुरू झालं आहे. गरीब देशांतल्या स्त्रियांना मंडळीच्या आणि समाजाच्या कामाचं शिक्षण घेण्यासाठी ते मदत करतं.